पडदा बंद, संगणक चालू

लिनक्सचा संगणक हँग झाला असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा हँग झालेले असते ते त्याचे चित्र. माउसचा बाण जागच्या जागी थिजतो, कोपऱ्यातल्या घड्याळाचा मिनिट पुढे सरकत नाही, खिडक्या बंद होत नाहीत. आत मात्र डेटाबेस उत्तरे देत असतो, फाइल उतरत असते, रात्रीचा बॅकअप ठरल्या वेळी सुरू होतो. समोर बसलेल्याला यातले काहीच दिसत नाही आणि त्याचा हात पॉवर बटणाकडे जातो. काही सेकंद बटण दाबून धरले की सगळे ठप्प. चित्र जाते आणि त्यासोबत विनातक्रार चालू असलेले कामही जाते.

हिंजवडीत ही सवय फार महागात पडते. मुळशी तालुक्यातल्या हिंजवडी-माण परिसरात एमआयडीसीने वसवलेल्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये लिनक्स हे रोजच्या कामाचे साधन आहे. दुपारी लावलेले कंपायलेशन संध्याकाळपर्यंत चालते, चाचण्यांची रांग रात्रभर चालते आणि न्यूरल नेटवर्कचे प्रशिक्षण तर कधी आठवडाभर. अशा यंत्राचा डेस्कटॉप अडकला म्हणून ते यंत्रच बंद करणे म्हणजे हातचे काम स्वतः मोडणे. घरात एका खोलीतली ट्यूब गेली म्हणून कोणी मीटरजवळचा मेन स्विच पाडत नाही. लिनक्समध्ये प्रत्येक खोलीला वेगळा स्विच आहे, आणि चित्राचा स्विच कुठे आहे ते माहीत असणे हे या प्रणालीवर काम करणाऱ्याचे पहिले कौशल्य मानायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

हा वेगळा स्विच आला कुठून? त्याचे मूळ अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये आहे. तिथे १९८३ मध्ये डीईसी आणि आयबीएम या कंपन्यांच्या मदतीने ‘प्रोजेक्ट अथेना’ सुरू झाला. विद्यार्थ्यांसाठी संगणकांचे जाळे उभारायचे होते आणि यंत्रे वेगवेगळ्या कंपन्यांची होती. प्रोग्रॅम एका यंत्रावर चालावा आणि त्याची खिडकी दुसऱ्याच यंत्राच्या पडद्यावर उघडावी, अशी सोय हवी होती. बॉब शाइफलर आणि जिम गेटिस यांनी १९८४ मध्ये त्यासाठी ‘एक्स विंडो सिस्टिम’ लिहायला घेतली. १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली. तिलाच ‘एक्स-११’ म्हणतात आणि तीच पुढे दशकानुदशके टिकली.

या रचनेत पडदा, कीबोर्ड आणि माउस सांभाळणारा एक स्वतंत्र प्रोग्रॅम असतो, तो एक्स सर्व्हर. ब्राउझर, एडिटर, कॅल्क्युलेटर हे सगळे त्याचे ग्राहक. एखाद्या ग्राहकाला खिडकी हवी असली की तो सर्व्हरला संदेश पाठवतो आणि सर्व्हर ती काढून देतो. चित्र काढणारा वेगळा आणि काम करणारा वेगळा. लिनस टॉरव्हाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्सचे कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, जगापुढे ठेवले, तेव्हा त्यात चित्राची काहीच सोय नव्हती. वर्षभरात एक्स त्यावर आणले गेले, पण एक सामान्य प्रोग्रॅम म्हणूनच. कर्नलच्या दृष्टीने एक्सचे स्थान इतर शेकडो प्रक्रियांहून निराळे नाही. ती प्रक्रिया मारता येते आणि पुन्हा उभी करता येते.

आजच्या संगणकात या चित्राचे तीन थर असतात. सर्वांत वर डेस्कटॉप: नोम, केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई यांपैकी एक. त्याखाली डिस्प्ले सर्व्हर. आणि या दोघांना उभे करणारा, नाव-पासवर्ड विचारणारा डिस्प्ले मॅनेजर. नोमसोबत बहुधा जीडीएम, केडीईसोबत एसडीडीएम, हलक्या डेस्कटॉपसोबत लाइटडीएम. डिस्प्ले मॅनेजर रीस्टार्ट केला की त्याच्या हाताखालचे वरचे दोन्ही थरही मोडतात आणि पुन्हा लॉगिनचा पडदा समोर येतो.

आता प्रत्यक्ष प्रसंगाकडे येऊ. पडदा थिजला आहे, न जतन केलेले काम उघडे आहे आणि मागे काहीतरी महत्त्वाचे चालू आहे.

आधी अर्धा मिनिट काहीही करू नका. मेमरी संपत आली की संगणक डिस्कवर उसनी जागा घेतो आणि त्या ओढाताणीत पडदा काही वेळ गोठल्यासारखा दिसतो. मग कॅप्स लॉक दाबून पाहा. दिवा लागला-विझला तर डिस्प्ले सर्व्हर जिवंत आहे, अडकला आहे तो एखादा प्रोग्रॅम. दिवा हलला नाही तरी धीर सोडू नये. डेस्कटॉप चालू असताना कीबोर्ड डिस्प्ले सर्व्हरच्याच ताब्यात असतो. तो अडकला तर दिव्याचा हुकूम पुढे जात नाही, कर्नल मात्र त्याच्या खाली शाबूत असू शकते.

यानंतर कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ या तीन कळा एकत्र दाबायच्या. रंगीत डेस्कटॉप नाहीसा होतो आणि काळ्या पडद्यावर यंत्राचे नाव व ‘लॉगिन’ एवढाच शब्द दिसतो. पहिल्यांदा हे पाहणारा हमखास घाबरतो. घाबरण्याचे कारण नाही. लिनक्स पहिल्यापासूनच असे अनेक पडदे बाळगून असते. त्यांना व्हर्च्युअल कन्सोल म्हणतात आणि तुमचा डेस्कटॉप हा त्यांतलाच एक असतो. लिनक्सच्या जुन्या वितरणांत, म्हणजे डिस्ट्रोंत, तो सातव्या क्रमांकावर असे. जीडीएम वापरणाऱ्या नव्या डिस्ट्रोंत लॉगिनचा पडदा पहिल्यावर आणि तुमचे सत्र बहुधा दुसऱ्यावर असते. कंट्रोल-ऑल्ट-एफ-२ दाबले की तुम्ही परत आपल्या खिडक्यांमध्ये.

काळ्या पडद्यावर नाव टाइप करून एंटर दाबा आणि पासवर्ड द्या. पासवर्ड टाइप करताना ठिपका किंवा फुलीसुद्धा उमटत नाही. तो टाइप होतच असतो. इथे मराठी वाचकासाठी एक खास सूचना. या कन्सोलवर देवनागरी दिसत नाही. कर्नलच्या कन्सोलला फार तर ५१२ अक्षरचिन्हांचा फॉन्ट चालतो आणि जोडाक्षरे, वेलांट्या जुळवण्याची यंत्रणा त्यात नाही. त्यामुळे ‘पगारपत्रक’ नावाची तुमची फाइल तिथे चौकोनांची रांग होऊन दिसते, आणि प्रणालीची भाषा मराठी ठेवली असेल तर तिचे संदेशही तसेच. फाइल बिघडलेली नसते. डेस्कटॉप परत आला की नाव पूर्ववत दिसते. ज्यांनी संगणक हौसेने मराठीत ठेवला आहे त्यांना हे कोणी सांगत नाही, आणि ऐन अडचणीत ते चौकोन पाहून माणूस ‘डेटा गेला’ असे समजून पॉवर बटण दाबतो.

लॉगिन झाले की ‘टॉप’ ही आज्ञा द्यावी. कोणती प्रक्रिया प्रोसेसर आणि मेमरी खाते आहे याची यादी दिसते. गुन्हेगार सापडला, समजा ब्राउझरचा एखादा टॅब, तर त्याच्या क्रमांकासह ‘किल’ म्हणावे. साधे ‘किल’ प्रोग्रॅमला आवराआवर करायला सांगते. ऐकले नाही तरच ‘उणे नऊ’ जोडून सक्तीचे किल. पुष्कळदा एवढ्याने भागते. कंट्रोल-ऑल्ट-एफ-२ दाबून परत गेलात की माउस हलतो आणि बाकीच्या खिडक्या जशाच्या तशा असतात. हा टप्पा गाळून थेट डिस्प्ले रीस्टार्ट करणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते ती घाई आहे.

त्याने भागले नाही, तर मात्र डिस्प्ले मॅनेजर रीस्टार्ट करायचा: सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट डिस्प्ले-मॅनेजर. टाइप अर्थात रोमन लिपीतच करायचे. अखेरच्या शब्दाच्या जागी जीडीएम, एसडीडीएम किंवा लाइटडीएम असे नेमके नावही चालते, पण ‘डिस्प्ले-मॅनेजर’ हे सामाईक नाव बहुतेक ठिकाणी लागू पडते. पडदा क्षणभर लुकलुकतो आणि लॉगिनचा चौकोन समोर येतो. कर्नल, नेटवर्क, डेटाबेस, वेब सर्व्हर यांना काही घडल्याचा पत्ताही लागत नाही.

आणि काय मरते? डेस्कटॉपवर उघडलेले सगळे. ब्राउझर, एडिटर, स्प्रेडशीट यांचे डिस्प्ले सर्व्हरशी जोडलेले सूत्र तुटते आणि ते बंद होतात, न जतन केलेल्या मजकुरासह. फसवी गोष्ट म्हणजे डेस्कटॉपवर उघडलेली टर्मिनलची खिडकी. तिच्यात चालू केलेले सहा तासांचे कंपायलेशन दिसायला अक्षरांचे काम आहे, पण खिडकी डेस्कटॉपची आहे. ती गेली की बहुधा कामही जाते. म्हणून लांबचे काम ‘टीमक्स’ किंवा ‘स्क्रीन’ या प्रोग्रॅमच्या आत सुरू करावे. ते काम खिडकीपासून सोडवून ठेवतात आणि कोणत्याही दुसऱ्या पडद्यावरून ते पुन्हा हाती घेता येते. काही ठिकाणी वापरकर्ता बाहेर पडताच त्याच्या साऱ्या प्रक्रिया संपवण्याची सेटिंग असते. आपल्या यंत्रावर ती आहे का, हे सवडीच्या वेळी प्रशासकाला विचारून ठेवावे.

कंट्रोल-ऑल्ट-एफ-३ लाच प्रतिसाद मिळाला नाही तर? एक्समध्ये त्या कळाही डिस्प्ले सर्व्हरच वाचतो. अशा वेळी ऑल्ट, प्रिंट-स्क्रीन आणि आर या कळा एकत्र दाबल्या की कर्नल कीबोर्ड स्वतःकडे परत घेते आणि मग पडदा बदलता येतो. अनेक डिस्ट्रोंत ही सोय पूर्ण किंवा अंशतः बंद असते, ती आधीच तपासून ठेवायला हवी. त्याहून भरवशाचा मार्ग म्हणजे दुसऱ्या संगणकावरून एसएसएचने, म्हणजे नेटवर्कवरून लॉगिन करून, आत शिरणे.

हिंजवडीकरांसाठी तर हाच मुख्य मार्ग आहे. २०२० पासून घरून काम करण्याची रीत रुळली आणि आजही पुष्कळांचे यंत्र फेज दोन किंवा तीनमधल्या इमारतीत, तर माणूस कोथरूडला किंवा थेट साताऱ्याला असतो. दूरस्थ डेस्कटॉप गोठला की यंत्राजवळ जाऊन बटण दाबायचे म्हटले तर वाकडच्या पुलापासूनची कोंडी आडवी येते. एसएसएच चालू असेल तर घरच्या लॅपटॉपवरून तीच एक ओळ टाइप करायची आणि डेस्कटॉप उभा राहतो. नवे यंत्र ताब्यात आले की पहिल्या दिवशी एसएसएचची परवानगी आयटी विभागाकडून करून घ्यावी, हा आग्रह मी प्रत्येक नव्या मुलामुलीकडे धरतो.

पडदा नुसता रीस्टार्ट न करता पूर्ण बंद ठेवण्याचीही कारणे असतात. एनव्हिडियाचा ड्रायव्हर त्यांच्या स्वतःच्या इन्स्टॉलरने टाकायला गेलात तर एक्स सर्व्हर चालू असल्याचे पाहून तो थांबतो आणि आधी एक्स बंद करा म्हणतो. ग्राफिक कार्ड वापरात असताना त्याचा ड्रायव्हर बदलणे धोक्याचे, हे त्यामागचे कारण. दुसरे कारण मेमरीचे. डेस्कटॉप ग्राफिक कार्डाची काही मेमरी अडवून बसतो. मॉडेल जेमतेम मावत असेल तर तीच मेमरी निर्णायक ठरते.

त्यासाठीची आज्ञा आहे: सुडो सिस्टिमसीटीएल आयसोलेट मल्टि-युजर डॉट टार्गेट. म्हणजे अनेक वापरकर्ते, नेटवर्क, सगळ्या सेवा चालू राहू देत; फक्त चित्र नको. परत आणायचे तर मल्टि-युजरच्या जागी ‘ग्राफिकल’. आयसोलेटऐवजी सेट-डिफॉल्ट म्हटले तर यंत्र पुढच्या प्रत्येक वेळी त्याच स्थितीत सुरू होते. ही आज्ञा डेस्कटॉपवरच्याच टर्मिनलमधून दिलीत तर ते टर्मिनलही डेस्कटॉपसोबत नाहीसे होते, हे ध्यानात ठेवा. आज्ञा पूर्ण होते, पण तिच्यापुढे लिहिलेली ओळ चालत नाही. म्हणून आधी काळ्या कन्सोलवर जावे आणि तिथून आज्ञा द्यावी.

पंचवीस वर्षे या क्षेत्रात असलेली माणसे यालाच ‘इनिट तीन’ आणि ‘इनिट पाच’ म्हणतात. रेड हॅटच्या जुन्या रचनेत प्रणालीच्या अवस्थांना क्रमांक होते, तीन म्हणजे नुसती अक्षरे आणि पाच म्हणजे चित्र. २०१० मध्ये प्रणाली सुरू करणारे आणि तिच्या सेवा सांभाळणारे सिस्टिमडी आले. २०११ च्या फेडोरा १५ मध्ये ते प्रथम मूळ व्यवस्था बनले, २०१४ मध्ये रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७ मध्ये आणि २०१५ मध्ये डेबियन ८ मध्ये. क्रमांक जाऊन नावे आली, तरी जुन्या आज्ञा आजही बऱ्याच ठिकाणी चालतात.

एक जुनी सोय मात्र मोडीत निघाली. कंट्रोल-ऑल्ट-बॅकस्पेस दाबले की एक्स सर्व्हर तत्क्षणी मरत असे. चुकून दाबले जाऊन लोकांचे काम बुडते म्हणून २००९ च्या सुमारास ती सोय मुळातच बंद ठेवायचा निर्णय झाला. उबुंटू ९.०४ मध्ये तो लागू झाला. तो निर्णय योग्य होता. विचार न करता सगळ्या खिडक्या मारणारी कळ बोटांखाली असणे कोणाच्याच हिताचे नव्हते.

आता एक्सचेच दिवस सरत आले आहेत. क्रिस्टियान होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये ‘वेलँड’ सुरू केले. त्यात डिस्प्ले सर्व्हर आणि खिडक्यांची मांडणी करणारा प्रोग्रॅम एकच असतो. त्याला कंपोझिटर म्हणतात. चित्र अधिक स्वच्छ येते, एक प्रोग्रॅम दुसऱ्याच्या कळा चोरून वाचू शकत नाही. फेडोराने २०१६ मध्ये ते मूळ म्हणून स्वीकारले आणि रेड हॅटने २०२५ च्या रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स १० मधून एक्सचा स्वतंत्र सर्व्हर काढूनच टाकला. पण आपल्या विषयापुरता एक तोटा झाला. एक्सवर चालणाऱ्या नोममध्ये ऑल्ट-एफ-२ दाबून ‘आर’ लिहिले की फक्त डेस्कटॉपचा थर नव्याने सुरू होई, खिडक्या तशाच राहत. वेलँडवर ते जमत नाही, कारण कंपोझिटर गेला की खिडक्यांचा आधारच जातो. केडीईने २०२४ च्या प्लाझ्मा ६ मध्ये यावर काम केले आहे. कंपोझिटर कोसळला तरी क्यूटी या साधनसंचावर लिहिलेले प्रोग्रॅम तग धरून नव्या कंपोझिटरला जोडले जातात. हीच दिशा सगळ्यांनी घ्यावी असे मला मनापासून वाटते.

हिंजवडीत हा विषय टेबलावरच्या संगणकापुरता नाही. मोटारींचे सॉफ्टवेअर लिहिण्याचे मोठे काम इथे चालते. केपीआयटीचे मुख्यालय इथेच आहे. आजच्या मोटारीतला मधला पडदा पुष्कळदा लिनक्सवर चालतो. लिनक्स फाउंडेशनच्या ‘ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्स’ प्रकल्पाचे सॉफ्टवेअर टोयोटाने २०१८ च्या कॅम्रीत वापरले, आणि त्या प्रकल्पाचे चित्र वेलँडवर उभे आहे. गाडी चालवणाऱ्याकडे कीबोर्ड नसतो, तो कंट्रोल-ऑल्ट-एफ-३ दाबू शकत नाही. म्हणून अशा रचनेत चित्राची सेवा कोसळली तर तिला आपोआप पुन्हा उभे करण्याचा नियम सिस्टिमडीला किंवा तत्सम पहारेकऱ्याला आधीच दिलेला असतो. ब्रेक आणि स्टिअरिंग वेगळ्या नियंत्रकांवर असतात, त्यांना पडद्याच्या येण्या-जाण्याशी देणेघेणे नसते.

वेळेची अट इथे कडक असते. अमेरिकेत मे २०१८ पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे आणि रिव्हर्स गिअर टाकल्यापासून दोन सेकंदांत मागचे दृश्य पडद्यावर यायला हवे. गाडी नुकतीच सुरू झाली आहे, लिनक्स अजून उभे राहते आहे, कंपोझिटरचा पत्ता नाही आणि चालकाने रिव्हर्स टाकला. अशा वेळी कंपोझिटरची वाट पाहून चालत नाही. म्हणून अनेक रचनांत कॅमेऱ्याचे चित्र वेगळ्या, आखूड वाटेने थेट पडद्यावर आणतात आणि कंपोझिटर तयार झाला की पडदा त्याच्याकडे सोपवतात. टेबलावरच्या संगणकात जे आपण हाताने करतो तेच इथे यंत्र करते, आणि त्यामागे एखादे मूल गाडीमागे उभे असण्याची शक्यता असते.

चित्राशिवाय संगणक किती दूर जाऊ शकतो, हे पाहायला हिंजवडीहून पाषाणपर्यंत गेले तरी पुरे. १९८८ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या तिथल्या सी-डॅकने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ हा महासंगणक उभा केला. त्याच संस्थेचा ‘परम सिद्धी-एआय’ नोव्हेंबर २०२० च्या पाचशे महासंगणकांच्या जागतिक क्रमवारीत त्रेसष्टावा आला. नोव्हेंबर २०१७ पासून त्या यादीतले पाचशेच्या पाचशे महासंगणक लिनक्सवर चालतात आणि त्यांच्या गणना करणाऱ्या नोडसमोर पडदा नसतोच. शास्त्रज्ञ दुरून एसएसएचने येतात, काम रांगेत लावतात आणि निघून जातात.

ज्यांना हे पायरीपायरीने शिकायचे आहे त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतूनही मोफत आहेत.

तुम्ही मात्र त्याआधी एक करा. सगळे काम जतन करा, खिडक्या बंद करा आणि काहीही बिघडलेले नसताना कंट्रोल-ऑल्ट-एफ-३ दाबा. काळ्या पडद्यावर लॉगिन करा, ‘टॉप’ची यादी शांतपणे वाचा, डिस्प्ले मॅनेजर एकदा रीस्टार्ट करून पाहा. तुमच्या यंत्रावर डेस्कटॉप कितव्या पडद्यावर आहे आणि डिस्प्ले मॅनेजरचे नाव काय आहे, या दोन गोष्टी त्या आज्ञेसह एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवा. पडदा गोठेल त्या दिवशी हे शोधायला त्या संगणकावर ब्राउझर उघडणार नाही.